जोडी फोडायची नाही

१

बाबा गेले त्यानंतर तीन महिन्यांनी आईचा मला ऑफिसात फोन आला. ती म्हणाली, "ह्यांची खुर्ची गरम आहे."

"ऊन येत असेल."

"खिडकी बंद आहे. मी किराणा आणायला गेले होते. आले, पिशवी ठेवली आणि सहज पाठीवर हात टेकला. माणूस आत्ता उठून गेल्यासारखी गरम. मी भूतबित मानत नाही, तुला माहीत आहे. म्हणूनच घाबरलेय."

त्याच संध्याकाळी मी घरी पोचले. आईनं दाराला कडी आणि कडीला खुर्ची लावली होती. पण ती बाबांची खुर्ची नव्हती. बाबांच्या खुर्चीकडे ती पाठही करत नव्हती.

"आठवडाभरात घर बंद करू," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे येते."

हे घर बाबांनी बांधलं होतं. गवंड्यानं भिंती उभ्या केल्या तेव्हा प्रत्येक खोलीतून हॉलमधल्या कपाटापर्यंत बाबांनी नेटवर्कच्या वायरी स्वतःच्या हातानं ओढल्या होत्या. हे घर सोडायचं म्हणजे काय, ते आईला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ती म्हणत होती, कारण भीती त्याहून मोठी होती.

कपाटात चार कॅमेऱ्यांचं खोकं होतं. गल्लीत दोन चोऱ्या झाल्यावर आईनं मागितलेले. त्यातला एकच लागला होता, पॅसेजमध्ये, माळ्याच्या झडपेशेजारी. तो लावतानाच बाबा शिडीवरून पडले. तेव्हा आई मावशीकडे होती, घरात कुणी नव्हतं. समोर राहणारे काका, बाबांचे धाकटे भाऊ, ड्रिल मशीन परत द्यायला आले आणि त्यांनी बाबांना पाहिलं. सगळ्यांनी तेच म्हटलं, या वयात शिडीवर चढायचं कशाला. आई ते एकदाही म्हणाली नाही. ती म्हणायची, "कॅमेरे मी मागितले. आणि ते एकटेच गेले. हाक मारायलाही कुणी नाही."

मी तिला म्हटलं, घर बंद करायच्या आधी उरलेले कॅमेरे लावू. वायरी भिंतीत आहेतच. बाबांनी आणलेली पेटी त्याच वायरीतून वीजही देते आणि चित्रही आणते. कोण येतं ते दिसेल तरी.

"तो आहे त्याचं काय?" आईनं पॅसेजकडे हनुवटी केली. छताला एक लाल ठिपका लागलेला होता. "तो बघतो माझ्याकडे."

"नुसता दिवा आहे, आई. बाबांना फोनला जोडायला वेळच मिळाला नाही. त्यातून कुणाला काही दिसत नाही."

तिची खात्री पटावी म्हणून मी शिडीवर चढून कॅमेऱ्यावरचा चौकोनी कोड माझ्या फोननं टिपला. फोननं जरा विचार केला आणि लिहून दाखवलं, हा कॅमेरा आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे. खातं कुणाचं, ते नुसत्या फुल्या.

खाली आई शिडी धरून उभी होती. "काय म्हणतो?" तिनं विचारलं.

२

मी खोटं बोलले. म्हटलं, नेट हळू आहे.

सकाळी वरच्या मजल्यावरच्या सरांना बोलावलं. ते आमचे भाडेकरू, शाळेत कॉम्प्युटरची लॅब सांभाळतात. पाण्याच्या मोटरीचं बटण आमच्या स्वयंपाकघरात आहे, म्हणून घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. दुसरी काकांकडे. याखेरीज किल्ली कुणाकडे नाही. हे मी रात्री पांघरुणात पुन्हा पुन्हा मोजलं होतं.

सर पायात रबरी चपला घालतात. ते आले कधी ते कळलंच नाही. आईच्या हातातलं भांडं पडलं.

"काकू, मी आहे."

"तुम्ही आहात हे कळायला जरा खोकत तरी जा हो."

मी हॉलमधला कॅमेरा जोडला होता. दिवा लागला, पण चित्र आलं ते फाटकं. आईचं डोकं एकीकडे, खांदे दुसरीकडे, मग काळं. मागच्या दाराचंही तेच. स्वयंपाकघराचंही तेच. पॅसेजच्या वायरीवर मात्र नेटचे दिवे कसे स्वच्छ लुकलुकत होते. सरांनी वायर तपासायचं यंत्र दोन्ही टोकांना लावलं. आठ दिवे ओळीनं लागले.

"वायर तर बरोबर दाखवतंय," ते म्हणाले, आणि मग पारदर्शक प्लगमधून आत निरखून हसू लागले. "हे कुणी केलं?"

"बाबांनी. सगळे त्यांनीच केलेत."

वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. प्रत्येक रंगाची एक तार आणि तिची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण. बाबा त्यांना नवरा-बायको म्हणायचे आणि प्लगमध्ये शेजारी शेजारी बसवायचे. खरी पद्धत तशी नाही. तिथे एका जोडीला फाकवून तिच्या मधोमध निळी जोडी बसवावी लागते. बाबांना ते मान्य नव्हतं. मी लहान असताना त्यांनी मला शिकवलं तेही तसंच. "जोडी फोडायची नाही," हा त्यांचा नियम.

"यंत्र फक्त तार पोचली की नाही ते बघतं," सर म्हणाले. "पण जोडी चुकली की तारा एकमेकींच्या कानात ओरडतात. साध्या कामाला धकून जातं. चित्राला नाही धकत."

मला हे ठाऊक होतं. मावशीनं बाबांना हेच कितीदा सांगितलं होतं. मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली. तिनं जन्मभर केबलच जोडल्या. आमच्या स्वयंपाकघरात दोघांचं यावरून जुंपायचं. मावशी म्हणायची, "भावोजी, संसार वेगळा, वायर वेगळी. निळी मध्ये, नारिंगी दोन बाजूंना पहाऱ्याला." बाबा म्हणायचे, "वीस वर्षं चालतंय." ती म्हणायची, "चालतंय, कारण दोन्ही टोकांना तीच चूक आहे. तुमचं आणि ताईचंही तसंच चाललंय." आणि आई लाटणं उगारायची.

सर गेले आणि मावशीचा फोन आला. रोज येतो.

"काय गं, कसं आहे?"

"कॅमेरे लावतेय."

ती म्हणाली, "लाव. आणि तिला सांग, अनवाणी फिरत जाऊ नकोस. फरशी बर्फ झालेली असते."

मी हो म्हटलं आणि विसरून गेले. माझं लक्ष दुसरीकडे होतं. सगळ्या घरात बाबांच्या हातच्या वायरी, सगळ्यांत चित्र फाटणार. मग पॅसेजची वायर तेवढी स्वच्छ कशी?

३

आई आंघोळीला गेल्यावर मी पॅसेजच्या वायरीचं कपाटातलं टोक काढून खिडकीशी नेलं. प्लग नवा होता. पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-नारिंगी, निळा, पांढरा-निळा, नारिंगी, आणि शेवटी तपकिरी जोडी. माळ्याच्या झडपेशी गेले. तिथलं टोकही तसंच.

जोडी फोडलेली होती.

मी शिडीच्या वरच्या पायरीवर बसून राहिले. खाली उतरायची माझी हिंमत होईना. बाबांनी त्या सकाळी मला फोन केला होता, "खोकं आणलंय, आज एक तरी लावतोच." त्या रात्री आम्ही त्यांना घेऊन बसलो होतो तेव्हा लाल दिवा लागलेला होता, आईनं तो तेव्हाच पाहिला होता. म्हणजे कॅमेरा त्याच दिवशी लागला. आणि प्लग बाबांच्या हातचे नव्हते. बाबांनी मरतामरताही असा प्लग केला नसता.

म्हणजे त्या दिवशी घरात आणखी कुणीतरी होतं. बाबांशेजारी बसून त्यानं शांतपणे आठ तारा ओळीला लावल्या, दोनदा. मग बाबा पडले आणि तो माणूस निघून गेला. कुणालाही काही बोलला नाही. आणि आता तो रोज आईला बघतो.

माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर तो लाल ठिपका होता. म्हणजे आत्ता मलाही.

मी वर सरांकडे गेले. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. सर वह्या तपासत होते. मी प्लग त्यांच्यासमोर धरला.

"हा तुम्ही केलात का?"

"नाही." त्यांनी तो उजेडात धरला. "चूक नाही यात काही. पण मी हिरव्यापासून सुरू करत नाही. आमच्या लॅबमध्ये सगळं नारिंगीपासून." त्यांनी खणातून एक तुकडा काढून दाखवला. नारिंगी पुढे, आणि फाकलेली जोडी हिरवी. "हाताला वळण पडतं, ताई. अक्षरासारखं. मी घाईत, झोपेत केला तरी असाच होणार."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

बायको पुढे झाली. सर तिला थांबवत म्हणाले, "विचारू दे. शाळेत होतो. परीक्षा होत्या. मी आल्यावर तुमच्या काकांना हात लावायला गेलो. ते एकटेच काकांना उचलायला बघत होते." ते अडखळले. "म्हणजे तुमच्या बाबांना."

दोन किल्ल्या. एक बाद झाली. जिना उतरून मी समोर काकांकडे गेले.

४

काकांना विजेची भीती वाटते. साधा बल्ब बदलायचा तरी ते लाकडी पाटावर उभे राहतात आणि काकूला लांब जायला सांगतात. आठ तारा ओळीला लावणं त्यांच्या हातून होणार नाही, हे मला कळत होतं. तरी दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती, आणि गरम खुर्चीचा प्रश्न होताच.

मी साध्या आवाजात म्हटलं, "काका, कॅमेऱ्याला भोकं पाडायचीत. ड्रिल कुठे असेल?"

"माझ्याकडे आहे की." ते आत गेले, स्टूल घेतलं आणि त्यांच्याच माळ्यावरून खोकं काढून आणलं. खोक्याला बाबांची सुतळी, बाबांची गाठ. वर धुळीचा थर.

"परत द्यायचं राहूनच गेलं बघ," ते म्हणाले.

"त्या दिवशी तुम्ही तेच परत द्यायला आला होतात ना?"

काकांनी खोकं माझ्या हातात द्यायला पुढे केलं होतं. ते तसंच राहिलं.

"सुतळीसुद्धा सुटलेली नाही, काका. हे घेऊन तुम्ही आला नव्हता. मग का आलात? ती तुमची दुपारच्या झोपेची वेळ."

 काकू आतून चहाचं विचारत होती, त्यांनी मधलं दार लोटून घेतलं. शेवटी म्हणाले, "मी पोचलो तेव्हा संपलं होतं. आईशपथ. पळत आलो, पायात चप्पल नव्हती."

"पळत का आलात? काय कळलं होतं?"

"फोन आला होता."

"कुणाचा?"

"शब्द दिलाय मी." त्यांचे डोळे भरून आले. "त्या माणसानं काही वाईट केलेलं नाही एवढंच सांगतो. आणि खुर्चीचं विचारणार असशील तर तो मी. वहिनी बाहेर गेली की येतो. जेवण झाल्यावर दादा नि मी तिथे पेपर वाचायचो. ती समोर असली की मला बसवत नाही. बसलो तरी दादाच्या खुर्चीत कसा बसलास म्हणेल, असं वाटतं."

"ती घर सोडून चाललीये काका, त्या खुर्चीपायी."

ते मटकन ड्रिलच्या खोक्यावरच बसले.

मी अंगणात आले. अर्धं कोडं सुटलं होतं. पण ज्याच्यासाठी काका भावाच्या मरणाबद्दल खोटं बोलले, असं कोण होतं?

५

आईला खुर्चीचं सांगितलं. ती चिडली, रडली, मग म्हणाली, "मेल्यानं सांगितलं असतं तर चहा तरी दिला असता." पण पॅसेजमधून जाताना ती पुन्हा भिंतीला घासून गेली. पाय अनवाणी.

"चपला घाल ना."

"ह्यांना आवाज व्हायचा चपलांचा. सवय लागली अनवाणी चालायची."

"मावशीला सांगितलंस का हे कधी?"

"तिला कशाला सांगू? ती ओरडेल."

मग फोनवर मावशीला ते कसं ठाऊक होतं? मी स्वतःला म्हटलं, नाही. उगाच. मग विचारलं, "त्या दिवशी तू मावशीकडे होतीस. ती दिवसभर तुझ्याबरोबरच होती का?"

"दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मला वाटाणे सोलायला बसवून. आली ती पांढरीफटक. दाढ ठणकतेय म्हणाली. माझ्यासमोर बसली आणि मी सोललेलेच वाटाणे पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. मग काकांचा फोन आला."

निळी मध्ये. नारिंगी दोन बाजूंना पहाऱ्याला.

मी बाबांच्या कपाटातून एक मोजा काढला. शिडीवर चढले आणि तो लाल ठिपक्यावर ओढून बसवला. पॅसेज एकदम साधा पॅसेज झाला. खाली उतरून आईशेजारी पलंगावर बसले. काय होईल याची मला भीती वाटत होती आणि काही झालं नाही तर त्याचीही.

शिडी अजून भिंतीला टेकवलेलीही नव्हती, तेवढ्यात आईचा फोन वाजला.

"बारके, बोल," आई म्हणाली. लहान बहिणीला ती अजून याच नावानं हाक मारते. फोन कानाशी धरून ती गोंधळली. "मी बरी आहे. का गं? तुला अचानक काय झालं?"

मी तिच्या हातून फोन घेतला.

"मावशी," मी म्हटलं, "मोजा मी घातलाय. तू इकडे ये."

६

मावशी आली ती दारातच थांबली. काका तिच्यामागे उभे होते. तिनंच त्यांना हाक मारली असणार. आईनं दोघांकडे पाहिलं आणि ताठ बसली.

"भावोजींनी बोलावलं होतं," मावशी म्हणाली. "टीव्हीला लावलं तर चित्र फाटतंय म्हणाले, तू म्हणतेस तसं एकदा करून दे, पण ताईला कळू देऊ नकोस, ती जन्मभर चिडवेल. म्हणून दाताचं निमित्त केलं. प्लग केले. त्यांचा फोन जुना, त्यात ते ॲप उतरेना, म्हणून तात्पुरतं माझ्या फोनला जोडलं. तू माझ्या घरी वाट बघत होतीस म्हणून निघाले."

"मग?"

"बसमध्ये उघडून बघितलं. दाराची चौकट तिरकी दिसत होती. मी फोन केला." तिनं पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "मी म्हटलं, भावोजी, जरा डावीकडे फिरवा. ते पुन्हा चढले. फोन खिशात, माझ्याशी बोलतच चढले. आणि मग ताई, मी बघत होते."

काकांनी दाराची चौकट धरली.

"मी हाका मारल्या. मग तुझ्या दिरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, संपलं. मी तुझ्याकडे परत आले, कारण तुला फोन येईल तेव्हा तू एकटी नको. तुझ्यासमोर बसून राहिले. नंतर सांगता आलं नाही. रोज ठरवायचे. ते चित्र काढून टाकायला फोन उघडला, तर तू दिसलीस. अनवाणी. मग काढवेना."

आईचा आवाज फार हळू आला. "तीन महिने मी म्हणत होते, माझ्यामुळे गेले. कॅमेरे मी मागितले. तू रोज ऐकत होतीस. नुसती ऐकत नव्हतीस, बघत होतीस."

"हो."

"मी रात्री त्या भिंतीला डोकं टेकायचे. तेही?"

"हो."

मला वाटलं, आता आई तिला जा म्हणेल. तिचा तो हक्क होता. काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. आईनं पायाखालच्या फरशीकडे पाहिलं.

"शेवटी काय म्हणाले?"

मावशीनं 'नको' म्हणून मान हलवली.

"बारके, काय म्हणाले?"

"म्हणाले, अखेर माझी जोडी फोडलीसच ना तू."

 मला तेव्हा कळलं की मावशी तीन महिने प्लगमधल्या तारांचं दुःख करत नव्हती.

"कसे म्हणाले?" आईनं विचारलं. "रागावून?"

"नाही. हसत होते. खिशातून हसू येत होतं."

आईनं पदरानं चेहरा पुसला, दोन्ही हातांनी, झोपेतून उठल्यासारखा.

"म्हणजे एकटे नव्हते," ती म्हणाली.

मावशी तिथेच उंबऱ्यात बसली. आईनं तिला उठवलं नाही, जवळही घेतलं नाही. फक्त आपल्या चपला पायानं तिच्याकडे सरकवल्या. "घाल. फरशी गार आहे."

घर आम्ही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि मावशीनं बाबांची जुनी टोकं कापून नवी केली. हॉल, स्वयंपाकघर, मागचं दार. चित्र स्वच्छ आलं. हॉलच्या चित्रात दुपारी काका पेपर वाचताना दिसतात, शेजारी चहाचा कप. पॅसेजचा कॅमेरा आता तिघींच्या फोनमध्ये आहे. आईनं मावशीला बजावलंय, बघायचं असेल तर आधी फोन कर, मी केस विंचरीन. त्या दोघी अजून पूर्वीसारख्या भांडत नाहीत. मी त्याची वाट बघतेय.

आईच्या खोलीतल्या वायरीला मात्र तिनं कात्री लावू दिली नाही. तिथे कॅमेरा नाही, काहीच नाही. पलंगाशेजारी भिंतीतून ते टोक बाहेर आलंय, आणि पारदर्शक प्लगमध्ये आठही तारा बसल्यात, जोडीला जोडी.